जिभेला तार लावा, साहेब

आमच्या गुरुजींना एखादी गोष्ट नुसती सांगून भागत नसे. "गुरुजी, बाहेर ऊन फार आहे," असं म्हटलं की ते हातातला खडू खाली ठेवायचे, उन्हात जाऊन उभे राहायचे, परत यायचे आणि म्हणायचे, "हां. आहे." मग धडा पुढे सुरू. हेडमास्तर म्हणाले, मागची भिंत ओली आहे, तर हे भिंतीला गाल लावून उभे. गावातल्या बायका त्यांना बारशाला बोलावताना जरा विचारच करायच्या.

ते घाटावरचे. उंच, हडकुळे, आणि पायजमा घोट्याच्या बराच वर. पायजम्यावर शाईच्या रेघा ओढलेल्या असायच्या. दर धुण्याला कापड किती आटतं ते त्यांना बघायचं होतं. पायजमा आटत आटत पोटरीपर्यंत आला तरी त्यांनी नवा शिवला नाही, कारण प्रयोग संपला नव्हता. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात गेलेला बल्ब, चष्म्याची एक काच, सायकलच्या डायनॅमोतली तार, औषधाच्या रिकाम्या बाटल्या. सरकारने मास्तर मागवला होता आणि चुकून भंगारवाला आला, असं गावाचं पहिल्या आठवड्यातलं मत होतं. नंतरही ते फारसं बदललं नाही, फक्त त्यात माया आली.

गाव आमचं जासईच्या जवळचं. आता तिथे कंटेनरांच्या भिंती उभ्या आहेत. तेव्हा एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, मध्ये आम्ही आणि आमची सातवीपर्यंतची शाळा. मी पदवीधर आहे. आमच्या घराण्यात सहीसाठी अंगठा न वापरणारी पहिली मीच, आणि हे मी जिथे जाईन तिथे सांगते. विनय ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकल्या त्यांना परवडतो.

तर शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर पनवेलला किंवा उरणला जायचं. मुलगे जात. मुली सातवी झाली की डोक्यावर टोपली घेऊन मिठागरात जात. माझ्या पुढच्या वर्गातल्या सगळ्या मुली तिथेच होत्या, पायांना मिठाच्या भेगा पडलेल्या. माझ्या बाबांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "शाला गावान हाय तवर शीक. एस्टीन बसून पोर पनवेलीला जानार नाय." म्हणजे माझं सगळं आयुष्य एका गोष्टीवर टांगलेलं होतं: गावात आठवीचा वर्ग येतो की नाही. मी तेव्हा सातवीत होते.

गुरुजींना या टांगलेपणाची काही कल्पना असावी असं त्यांच्या वागण्यावरून वाटत नसे. ते त्यांच्या प्रयोगात. वेळ ते फक्त सावलीवरून मोजायचे. मैदानात एक काठी रोवली होती, तिची सावली ठरलेल्या दगडावर आली की शाळा सुटली. हेडमास्तरांच्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं, पण गुरुजी म्हणायचे, "ते घड्याळ कोण लावतो? हेडमास्तर. हेडमास्तरांना वेळ कोण सांगतो? ते घड्याळ. ह्यात सूर्याला कोणी विचारलंय का?" पावसाळ्यात मात्र सूर्यच दिसत नसे, आणि आमचा वर्ग सुटतच नसे. शेवटी कोणाची तरी आई दारात येऊन ओरडायची, "मास्तर, पोरांना जेवाला धारता का निजवताव हितंच?" तेव्हा कुठे गुरुजी आभाळाकडे संशयाने बघत आम्हाला सोडायचे.

एकदा वर्गातला एक मुलगा उशिरा आला. तो वाटेवर चिंचा पाडत बसला होता, हे त्याच्या फुगलेल्या खिशावरून आंधळ्यालाही दिसलं असतं. पण त्याने नेहमीचं कारण सांगितलं, "गुरुजी, भरतीचा पानी आलता वाटेवर."

"आलं होतं?"

"व्हय."

"चला बघू."

आणि अख्खा वर्ग खाडीच्या वाटेला. तो मुलगा मागे मागे राहायला लागला, चेहरा उतरलेला. आम्ही खुशीत, कारण आता त्याला मार बसणार. खाजणाच्या चिखलातून उतरून पलीकडच्या बांधावर गेलो तर वाट कोरडी ठणठणीत. गुरुजी मात्र तिथेच बसून राहिले. "आत्ता नाही म्हणजे मघाशी नव्हतं असं होत नाही," म्हणाले. बसून राहिलो. थोड्या वेळाने खरंच पाणी चढायला लागलं आणि बघता बघता वाट बुडाली. आम्ही सगळे बांधाच्या चुकीच्या बाजूला. गुरुजी आनंदाने ओरडले, "अरे, पाणी येतं की रे इथं! हा खरं बोलला!" सगळ्यात जास्त आश्चर्य त्या मुलालाच वाटलं. ओहोटी लागेपर्यंत आम्ही बांधावर बसून त्याच्याच चिंचा खाल्ल्या. परत आलो तेव्हा हेडमास्तर शाळेच्या पायरीवर उभे होते, आणि मारायचं कोणाला हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

माझ्या आईने त्यांना एकदा जेवायला बोलावलं. आई मिठागरात टोपल्या वाहायची, आणि तिची जीभ मिठागराच्या पाण्यात मुरवल्यासारखी होती. पान वाढून झाल्यावर तिने रीतीने विचारलं, "कसा झालाय कालवन, मास्तर?" अशा वेळी माणूस म्हणतो, छान झालंय. गुरुजी म्हणाले, "मीठ जरा जास्त वाटतंय. पुन्हा वाढा, खात्री करतो." पुन्हा वाढलं. त्यांनी खाल्लं, विचार केला, आणि म्हणाले, "आणखी एकदा." तिसऱ्यांदा वाटी संपवून त्यांनी निकाल दिला, "जास्तच आहे." आईने हे पुढे कित्येक दिवस गावभर सांगितलं. "खारट कालवन तीन वेला खाल्लान, नि नावा ठेवून गेला!" पण सांगताना ती हसायची, आणि गावात ज्यांना ती हसून नावं ठेवायची अशी माणसं थोडी होती.

त्या वर्षी तालुक्याहून हुकूम आला. प्रत्येक शाळेने मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरवायचं. शिक्षण खात्याचे साहेब जातीने बघायला येणार. आणि हेडमास्तरांनी गावकऱ्यांना जमवून खरी गोष्ट सांगितली: आठवीच्या वर्गाचा अर्ज साहेबांच्याच हातात आहे. साहेब खूश झाले तर वर्ग. नाही झाले तर पुन्हा कधी, देव जाणे.

बाबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "साहेबाचे मनान आला त तुजी आठवी. नाय त पुढल्या उन्हाल्यान टोपली." मी त्या दिवशी जेवले नाही.

साहेबाचं मन कसं राखायचं याबद्दल हेडमास्तरांच्या कल्पना पक्क्या होत्या. त्यांनी पनवेलच्या एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून धरण बनवून आणलं. प्लास्टरचं, हिरवे डोंगर, निळं पाणी, विजेचे खांब, आणि खाली एक सुखी गाव, त्यात सगळ्या घरांना लाल कौलं. आमच्या गावात वीज नव्हती, नळ नव्हता, आणि कौलं मोजक्या घरांना होती. पण हेडमास्तर त्या धरणाकडे बघत उभे राहायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं.

"हे मुलांनी केलं?" गुरुजींनी विचारलं.

"मुलांच्या नावाने आहे."

"मुलांना ह्यातलं काय कळलं?"

"मुलांना कळायचं नाहीये हो, साहेबांना आवडायचंय."

गुरुजींनी मान हलवली. त्यांचा नियम एकच होता. पोराने प्रयोग करायचा तर घरातल्या वस्तूंनी. विकत आणलं की ते विज्ञान दुकानदाराचं, पोराचं नाही. त्यांनी आम्हाला सांगितलं, घरी जा आणि फुकट मिळेल ते आणा.

आता आमच्या घरांत फुकट काय मिळणार? लिंबं होती. कोंबडी होती, म्हणजे अंडं होतं. हळद होती. चुना होता. होडीचे गंजके खिळे होते. आजीच्या पेटीत जुने भोकाचे तांब्याचे पैसे होते. रॉकेलची चिमणी होती, म्हणजे काजळी होती. गुरुजींनी हे सगळं टेबलावर पसरलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

प्रयोग आमचे साधे. लिंबात एका बाजूला लोखंडी खिळा खुपसायचा, दुसऱ्या बाजूला तांब्याचा पैसा. अशी लिंबं तारेने एकाला एक जोडली की त्यात थोडी वीज तयार होते. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा. त्याला चुना लागला की तो लालभडक होतो. विहिरीच्या पाण्यात अंडं बुडतं, मिठागराच्या पाण्यात तरंगतं. काचेवर काजळी धरली की सूर्याकडे बघता येतं. आणि शेवटचा प्रयोग त्यांचा लाडका: हवेतला ओलावा मोजायचं यंत्र. त्यासाठी माणसाचा एक लांब केस लागतो. ओल वाढली की केस लांबतो, कोरडं झालं की आखडतो. केसाच्या खालच्या टोकाला वजन बांधायचं आणि झाडूच्या हिराचा काटा लावायचा.

हेडमास्तरांनी लिंबांकडे बघून आशेने विचारलं, "ह्याने बल्ब पेटतो का?"

"नाही."

"मग वीज आहे हे कळतं कसं?"

"दोन्ही तारा जिभेला लावायच्या. मुंग्या येतात."

"मुंग्या!" हेडमास्तर खुर्चीत बसले. "साहेबांना मी मुंग्या दाखवू?"

केस माझा ठरला. वर्गात सगळ्यात लांब माझे होते, आणि गुरुजींनी तसं भर वर्गात जाहीर केलं. मी घरी जाऊन सांगितलं. आईने हातातली टोपली आपटली आणि तशीच शाळेत आली.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे बाईमाणूस विंचरताना गळलेला केस कधी इकडेतिकडे टाकत नसे. गुंडाळी करायची, त्यावर थुंकायचं आणि कुडाच्या फटीत खोलवर खुपसायची. दुसऱ्याच्या हाती केस लागला म्हणजे माणूसच लागला. त्याच्यावर कोण काय करील याचा नेम नाही. आणि हा घाटावरचा मास्तर सरकारी शाळेत बसून वयात येणाऱ्या पोरीचा केस मागत होता.

"मास्तर, माजे पोरीचा केस तुमाला कला पायजे?"

"हवेतला ओलावा मोजायला, बाई."

"हवा वली हाय का नाय ता बगाला केस कला? माजा लुगरा बगा, सकालपासून वालत घातलाय. वालला नाय. झाला मोजून!"

गुरुजी मनापासून म्हणाले, "हे खरंच चांगलं यंत्र आहे. पण टेबलावर मावायचं नाही."

हा माणूस थट्टा करत नाहीये, हे आईच्या लक्षात आलं. "केस कोनाच्या हाती जायल?"

"कोणाच्या नाही. तुमच्या पोरीने लावायचा, तिनेच सांभाळायचा, तिनेच परत न्यायचा."

"नि आठवी येल ह्यान?"

"ते मला माहीत नाही," गुरुजी म्हणाले. दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता.

आईने माझ्या डोक्याला रिठा चोळून तेल काढलं, स्वतःच्या हाताने एक केस उपटला आणि माझ्या मुठीत ठेवला. "हरवलास त तुजी मान मोरीन," एवढंच म्हणाली. गुरुजींनी केसाला वजन म्हणून जाळ्याला लावतात तो शिशाचा मणी बांधायला सांगितला. यंत्र तयार झालं. खाडीकाठची हवा, काटा कायम 'फार ओलं' वरच. काटा हललेला दिसावा म्हणून गुरुजींनी शेगडीवर तापलेला तवा जवळ धरायची युक्ती काढली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी गाव बघायला आलं. धरणापुढे लोक थांबले आणि हात जोडून पुढे सरकले. आमच्या टेबलापुढे मात्र थांबले ते हलेचनात. मी टेबलाकडे पहिल्यांदाच लोकांच्या डोळ्यांनी बघितलं. टाचलेली लिंबं, त्यांत लोखंडी खिळे आणि भोकाचे पैसे. लाल डाग पडलेले पिवळे कागद. एक अंडं. काजळी. आणि खिळ्याला टांगलेला, शिसं बांधलेला, कुवाऱ्या मुलीच्या डोक्याचा केस.

गावचे भगत म्हातारबाबा पुढे आले. गावात कोणाला काही लागलं, भ्यायलं, झपाटलं तर ह्यांच्याकडे जायचे. त्यांनी टेबल जाणकारासारखं न्याहाळलं, वाकून लिंबं बघितली. "खिला बरोबर मारलाय," म्हणाले. "पैसा पन बरोबर. पन अंडा पान्यान कला? अंडा तिठ्यावं ठेवायचा असतो. मांडनारा नवखा दिसतो."

गुरुजींना वाटलं, कोणीतरी अभ्यासू माणूस भेटला. "तिठ्यावर अंडं तरंगतं का?" त्यांनी उत्सुकतेने विचारलं. म्हातारबाबांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि ते जाऊन सावलीत बसले.

हेडमास्तरांना आता कळलं होतं. ते गुरुजींना बाजूला घेऊन घाईघाईने कुजबुजले, "हे काढा सगळं. ताबडतोब काढा. लोक काय म्हणतात ऐकताय ना?"

"लोक चुकीचं म्हणतात."

"चूक असो, बरोबर असो, दिसतं कसं ते बघा!"

"लिंबू आहे. लिंबासारखं दिसतंय," गुरुजी म्हणाले. तेवढ्यात बाहेर जीपचा आवाज आला.

साहेब रंगाने गोरे, सफारी हॅट घातलेले, बोलायला गोड. त्यांनी हार घेतले, धरणापाशी थांबले, "वा! वा! हीच खरी देशाची प्रगती!" म्हणाले. पेंटरच्या कामाची वाखाणणी मुलांच्या नावावर जमा झाली. मग ते छोटंसं भाषण करू लागले. आपला देश अंधश्रद्धेत बुडाला आहे, खेड्यापाड्यांतून भूतपिशाच्चांची भीती गेली पाहिजे, मुलांनी प्रत्येक गोष्ट तपासून घ्यावी. बोलत बोलत ते आमच्या टेबलापाशी आले आणि वाक्याच्या मध्येच थांबले.

मला पाठ केलेलं बोलायचं होतं. मी खणखणीत आवाजात सुरू केलं, "साहेब, हा माझ्या डोक्याचा केस आहे!"

साहेब एक पाऊल मागे गेले.

"त्याला शिसं बांधलेलं आहे. तापलेला तवा जवळ आणला की तो आखडतो. ही लिंबं आहेत. त्यांत लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. साहेब, ह्या दोन तारा तुम्ही जिभेला लावा."

साहेबांचा हात शर्टाच्या आत गेला. आत जानवं होतं की ताईत, मला दिसलं नाही. "छान, छान," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "वेळ झाला. पुढे आणखी एक शाळा आहे." आणि ते सरळ जीपकडे निघाले.

हेडमास्तर मागे धावले. "साहेब, चहा! साहेब, तो आठवीचा अर्ज..." साहेब मागे बघेनात. मी टेबलापाशी उभी होते आणि मला समोर टोपली दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं.

गुरुजींना मात्र एवढंच कळलं होतं की माणूस प्रयोग न करता निघाला. त्यांनी लिंबांचं ताट उचललं, तारा सांभाळत लांब ढांगा टाकल्या आणि जीपच्या आडवे जाऊन उभे राहिले. ताट साहेबांच्या छातीशी. साहेब डावीकडे सरकले, ताट डावीकडे. साहेब उजवीकडे, ताट उजवीकडे.

"साहेब, करून बघितल्याशिवाय कसं जाता?"

"मी मानत नाही हो असलं काही!" साहेब ओरडले. "अजिबात मानत नाही! पण आमच्या घरी मंडळींना चालत नाही!"

हसावं की पळावं हे कोणालाच कळत नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आई पुढे आली. मिठागरातून तशीच आलेली, पदर खोचलेला. तिने गुरुजींच्या ताटातल्या तारा उचलल्या आणि सगळ्यांसमोर दोन्ही टोकं जिभेला लावली.

कोणीतरी "आयाया" केलं. आईचे डोळे बारीक झाले. तिने तारा काढल्या, ओठ पुसले.

"मुंग्या येतान," ती म्हणाली. "नि जराशी आंबट. आणखी काय नाय." मग साहेबांकडे वळली. "बगा साहेब, मी मेली नाय. आता तुमी लावा. माजे पोरीने त्या केसापायी डोका धुतलाय, तिची आठवी अडकलीय ह्यान. नि न लावता जाल त गाव बोलंल, सरकारचा साहेब लिंबाला भ्याला."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. अख्खं गाव, त्यांचा शिपाई, ड्रायव्हर. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, बहुतेक देवाचं नाव असावं, आणि तारा जिभेला लावल्या. क्षणभर काही नाही. मग भुवया वर गेल्या.

"येतात," ते पुटपुटले. "मुंग्या."

"वीज आहे ती," गुरुजी म्हणाले. टाळ्या पडल्या. साहेबांनी हसायचा प्रयत्न केला, चहा घेतला नाही, पण जीपच्या बॉनेटवर अर्ज ठेवून आठवीसाठी अनुकूल शेरा लिहिला. तारांचा हात लागलेलं पेन त्यांनी शिपायाला देऊन टाकलं, परत खिशाला लावलं नाही.

सुट्टीत हुकूम आला. आठवीचा वर्ग मंजूर. आणि त्याच पाकिटात दुसरा हुकूम: सदर विज्ञान शिक्षक मुलांमध्ये अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे प्रकार करतात असं तपासणीत आढळल्यावरून त्यांची बदली दूरच्या तालुक्यात करण्यात येत आहे. हेडमास्तरांनी दोन्ही कागद एका पाठोपाठ वाचले. पहिल्याला गावाने आनंदाने आरडाओरडा केला, त्यात दुसरा कोणाला नीट ऐकूच आला नाही. गुरुजींनी तो हातात घेऊन पुन्हा वाचला. "तपासणीत आढळलं म्हणजे?" त्यांनी विचारलं. "त्यांनी काय तपासलं?"

जाईपर्यंतचे त्यांचे दिवस वाईट गेले. गावात पक्कं झालं होतं की मास्तरने लिंबाने साहेब बांधला, म्हणून आठवी आली. शेजारच्या गव्हाण, पागोटे अशा गावांहून माणसं यायला लागली. कोणाची म्हैस आटली होती, कोणाची पाठ धरली होती, कोणाची सून माहेरी जाऊन बसली होती. गुरुजी प्रत्येकाला बसवून समजावायचे. लोखंड, तांबं, लिंबाचा आंबट रस, बस. "खोटं वाटतं तर जिभेला लावून बघ." माणूस तारा जिभेला लावायचा, मुंग्या यायच्या, तो गुरुजींच्या पाया पडायचा आणि बरा होऊन घरी जायचा. जितकं नीट समजावून सांगावं तितका गुण लवकर. एकाची पाठदुखी तर गुरुजींनी विजेची दिशा फळ्यावर काढून दाखवेपर्यंतच गेली.

एस्टीच्या थांब्यावर त्यांना पोचवायला मी आणि आई गेलो. आईच्या काखेत कोंबडा होता, पाय बांधलेला.

"हे काय?" गुरुजी म्हणाले.

"तुमाला."

"बाई, कोंबडा भगताला देतात. मी भगत नाही."

"भगताचा नाय. आठवीचा हाय. घ्या."

त्यांनी हात पुढे केला नाही. त्यांच्या मनात काहीतरी सलत होतं, ते त्यांनी शेवटी विचारलं. "बाई, तारा तुम्ही स्वतः जिभेला लावल्या. त्यात करणी नव्हती हे तुम्हाला तेव्हाच कळलं ना?"

"कल्ला ना. लोखंड नि तांबा. पोर रोज घरा पाठ करायची, ऐकून ऐकून मना पन पाठ झाला."

"मग मी साहेब बांधला, हे गावात सांगतं कोण? गव्हाणपर्यंत गेलं ते!"

"मीच सांगतंय," आई म्हणाली.

गुरुजींच्या खांद्यावरून पिशवी घसरली. "का पण?"

"मास्तर, तुमी आठवी दिली नि चाललाव. पुढल्या साली नववी मांगायची हाय, नि मंग धावी. तवा तुमी नसाल. साहेब त तोच असंल ना? त्याला जरासा भ्या वाटलेला बरा."

गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदाच असं काही ऐकायला मिळालं असावं जे तपासायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं. एस्टी आली. त्यांनी मुकाट्याने कोंबडा काखेत घेतला, चढले, आणि कंडक्टरशी त्याच्या तिकिटावरून वाद घालत दिसेनासे झाले.

मी आठवी केली. पुढच्या वर्षी नववीचा अर्ज गेला. हेडमास्तरांनी साहेबांना तपासणीचं रीतसर आमंत्रण पाठवलं, नवं धरण रंगवून तयार ठेवलं, हार आणून ठेवले. साहेब आले नाहीत. शिपायालाही पाठवलं नाही. मंजुरी टपालाने आली.